पाली-भाषाशास्त्रासाठी महाविद्यालय निवडताना

बारावीनंतर पाली व भाषाशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या आपल्या बोर्लीच्या मुलामुलींना आम्ही सुचवू, की यादी शेवटाकडून करावी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे एम. ए. होते, बारावीवर त्याला प्रवेश नाही. म्हणजे आधी बी. ए. हवे. तेव्हा पाली शेवटच्या वर्षापर्यंत खरोखर शिकवतात का, हे समक्ष जाऊन विचारावे. माहितीपत्रकात छापलेला प्रत्येक विषय वर्गात असतोच असे नाही! बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत काढलेले सिद्धार्थ महाविद्यालय यादीत जरूर घ्यावे, पण हा प्रश्न तेथेही विचारावा. पाली नसेल तेथे संस्कृत चालेल. राहण्याची सोय नसलेली नावे मात्र खोडावीत. बोर्लीहून रोज मुंबई-पुणे करणे शक्य नाही. उरलेल्या दोन-तीन ठिकाणीच अर्ज भरावेत.