शाकारणी काढताय? आधी कौलांखाली बघा

कोकणात एप्रिल-मे म्हणजे गोठ्यांची, जुन्या घरांची कौलं उतरवायचे दिवस. नेमकं तेव्हाच भिंतीच्या भोकात दयाळाची पिल्लं असतात, आढ्याला चिमण्या असतात आणि कौल-रिपांच्या फटीत वटवाघळं.

आदल्या संध्याकाळी अंधार पडेस्तोवर अंगणात बसून छपराकडे नजर ठेवा. कोणत्या फटीतून कोण बाहेर पडतं ते दिसेल. खाली पडलेली लेंडी काडीने चिरडून पाहा: उंदराची कडक असते, किडे खाणाऱ्या वटवाघळाच्या लेंडीचा मात्र लगेच भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. माळ्यावर केस आणि उंदरांची हाडं असलेले काळपट गोळे सापडले, तर तिथे गव्हाणी घुबड राहतंय. ते हाकलू नका, उंदरांवर त्याच्याइतका चांगला इलाज नाही!

दयाळाचं घरटं अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण महिनाभरात मोकळं होतं, तेवढा कोपरा शेवटी घ्या. घुबडाला मात्र सुमारे तीन महिने लागतात. वटवाघळाची पिल्लं उडती नसतील तर त्या भागाचं काम थांबवाच. वाळवीचं औषधही तिथे मारू नका. जमलं तर काम होळीआधीच उरका.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानपक्ष्यांची अंडी, घरटी विस्कटणं शिकारीतच धरलं जातं. पिल्लू खाली पडलं तर वनविभागाच्या १९२६ हेल्पलाइनला फोन करा.