सोन्याच्या मुलखातील पाण्याचा व्यापार

कॅलिफोर्नियात सोने प्रथम दृष्टीस पडले तेच मुळी पाण्याच्या पाटात. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथील सटर याच्या लाकूड कापण्याच्या गिरणीतून पाणी बाहेर नेणाऱ्या चरात जेम्स मार्शल याला पिवळे कण चमकताना दिसले, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत जगाच्या सर्व बाजूंनी माणसांचे लोंढे सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर येऊन थडकले. नद्यांच्या पात्रातील वाळू थाळीत घोळून मिळणारे सोने लवकरच विरळ झाले. परंतु त्याच सुमारास असे ध्यानात आले, की लक्षावधी वर्षांपूर्वी वाहून लुप्त झालेल्या नद्यांची गोट्यांनी व रेतीने भरलेली पात्रे आजच्या दऱ्यांच्या कितीतरी वर, डोंगरांच्या माथ्यांवर कोरडी पडलेली आहेत आणि त्यांतही सोने आहे. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड असते, म्हणूनच वाहते पाणी माती पुढे नेते आणि सोने मागे ठेवते. ते पाणीच नसेल तर सुवर्णयुक्त माती आणि साधी माती यांत व्यवहारतः काही अंतर उरत नाही. सोने डोंगरावर आणि पाणी दरीत, या एका अडचणीतून एक प्रचंड व्यापार उभा राहिला, आणि खाणकामगारांच्या साहसाच्या कथांत ज्याला क्वचितच स्थान मिळते तो हा पाण्याचा व्यापारच, माझ्या मते, त्या मुलखाच्या अर्थव्यवहाराचा खरा कणा होता.

१८५० मध्ये नेवाडा सिटी या गावाजवळ दीडेक मैल लांबीचा एक लहानसा पाट काढण्यात आला. पाठोपाठ काढलेल्या पाटांपैकी काहींचे भांडवल अवघ्या काही आठवड्यांत वसूल झाले, ही वार्ता पसरताच दुकानदार, सुतार, वकील आणि सोने शोधून थकलेले खाणकरी भाग गोळा करून कंपन्या स्थापू लागले, आणि त्या दशकाच्या अखेरीपूर्वीच राज्यातील पाटांची एकूण लांबी चार हजार मैलांच्या पलीकडे गेली. मात्र ज्या काळात व्याजाचा दर दरमहा दोन-तीन टक्के असे, त्या काळात कर्ज काढून बर्फाच्छादित शिखरांखालच्या सरोवरांपासून पन्नास-साठ मैल पाट आणणे म्हणजे केवढे धाडस, याची कल्पना सावकारी ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना सहज येईल. काम पुरे होण्यापूर्वीच व्याज मुद्दलाच्या बरोबरीला येई, आणि पाट लिलावात निघून तारणदारांच्या हाती जाई. पाट बांधणारा बुडाला आणि त्याच्याकडून स्वस्तात घेणारा श्रीमंत झाला, हा क्रम इतक्या ठिकाणी आढळतो, की त्याला अपवाद म्हणण्यापेक्षा नियमच म्हणावे लागते.

पाणी विकायचे तर ते मोजले पाहिजे, आणि त्यासाठी ‘खाणकऱ्याचा इंच’ हे परिमाण प्रचारात आले. पाटातून येणारे पाणी एका लाकडी पेटीत घेऊन त्याचा वेग शांत होऊ देत. पेटीच्या एका बाजूच्या फळीत आडवी फट कापलेली असे, आणि त्या फटीवर सरकणारी झडप गिऱ्हाइकाने घेतलेल्या मापाइतकी उघडून तिला कुलूप लावीत. फटीच्या वर पाण्याची उंची ठराविक, बहुधा सहा इंचांच्या आसपास ठेवली, म्हणजे उघड्या जागेच्या दर चौरस इंचातून मिनिटाला सुमारे दीड घनफूट पाणी बाहेर पडे. अहोरात्र वाहणाऱ्या अशा एका इंचाचे माप एकसष्ट हजार लिटरांच्या घरात जाते. उंचीचा संकेत गावोगावी निराळा असल्यामुळे एका गावचा इंच दुसऱ्या गावच्या इंचाहून लहान वा मोठा भरे, आणि वादाला तेवढे निमित्त पुरे होई.

पाणीपट्टीच्या दराने काय साधे, ते साध्या हिशेबाने दिसते. समजा, एका इंच पाण्याने दिवसात तीन घनयार्ड माती धुतली जाते. इंचाचा दर पन्नास सेंट असेल तर दर घनयार्डामागे नुसत्या पाण्याचा खर्च सतरा सेंटांजवळ जाईल, आणि दहा सेंटांचे सोने असलेली माती हात न लावता सोडून द्यावी लागेल. तोच दर दहा सेंटांवर उतरला तर पाण्याचा खर्च सव्वातीन सेंटांच्या आसपास येऊन तीच माती खाण ठरेल. सोन्याचा भाव औंसामागे २०.६७ डॉलर असा सरकारने बांधून दिलेला होता. त्यामुळे खाणीची सीमारेषा कोठे आखायची, हा निर्णय भूगर्भाइतकाच पाटाच्या मालकाच्या हाती आला.

त्या मालकाचाही जीव सदैव टांगणीला असे. पाण्याची विक्री बर्फ वितळण्याच्या मोसमावर अवलंबून, आणि खर्च मात्र बारमाही. कड्यांच्या अंगाला खांब रोवून नेलेल्या लाकडी पन्हळी काही वर्षांत कुजत, हिमलोटांखाली चिरडून जात. घुशीसारखे बिळे करणारे प्राणी बांध पोखरीत, आणि रात्रीतून पडलेल्या एका भगदाडाने आठवडाभराचे उत्पन्न दरीत वाहून जाई. म्हणून ठराविक अंतरावर झोपडी बांधून पाटकरी ठेवलेले असत. हिवाळ्यात बर्फ उपसणे आणि उन्हाळ्यात गळती बुजवणे हेच त्यांचे आयुष्य. कंपनीचे सारे भांडवल या अल्पवेतनी, एकाकी माणसांच्या दक्षतेवर तोलून धरलेले होते, आणि इतिहासाने त्यांची दखल जवळजवळ घेतलीच नाही याचे मला फार वाईट वाटते.

पाण्यावरील हक्काचा प्रश्न खाणकऱ्यांनी स्वतःच्या वहिवाटीने सोडवला. जमीन सरकारी, मालकीचा दस्तऐवज कोणाजवळच नाही; तेव्हा ज्याने प्रथम पाणी वळवले आणि अखंड वापरात ठेवले त्याचा हक्क पहिला, नंतर येणाऱ्याने उरलेल्यावर समाधान मानावे, असा दंडक पडला. १८५५ मध्ये अर्विन विरुद्ध फिलिप्स या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि १८६६ मध्ये अमेरिकन काँग्रेसनेही त्याला कायद्याचे रूप दिले. नदीकाठच्या जमीनदाराला पाण्याचा हक्क देणारी इंग्लंडची परंपरा येथे निरुपयोगी ठरली होती, कारण पाण्याची गरज काठावर नव्हती.

या पहिल्या हक्कामुळे पाणी-कंपन्यांच्या हाती आलेल्या मक्तेदारीविरुद्ध खाणकरी उठलेही. कोलंबिया या गावी १८५५ मध्ये त्यांनी टुओलम्नी काउंटी वॉटर कंपनीच्या दरांविरुद्ध पाणी घेणेच बंद केले, आणि स्टॅनिस्लॉस नदीवरून साठ मैलांचा स्वतःचा पाट आणण्यासाठी दुसरी कंपनी काढली. तो पाट १८५८ मध्ये पुरा झाला. खर्च दहा लाख डॉलरांवर गेला होता आणि तोवर गावाभोवतालच्या मातीतील सोने ओसरू लागले होते. अखेर तो पाट खर्चाच्या अल्पशा अंशाला विकला गेला, आणि विकत घेणारी कंपनी होती तीच, जिच्याविरुद्ध तो बांधला गेला!

दरम्यान १८५३ मध्ये एडवर्ड मॅटिसन याने नळीच्या तोंडातून दाबाखाली सुटणारा पाण्याचा झोत टेकडीवर मारून ती ढासळवण्याची युक्ती काढली होती. या पद्धतीत माणसांचे श्रम घटले आणि पाण्याची भूक अमर्याद झाली. साहजिकच पाट आणि खाण एकाच मालकाकडे येऊ लागली. नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीने उंच पर्वतात धरण, तेथून चाळीस मैलांहून लांब पाट आणि धुतलेल्या मातीची मळी बाहेर काढण्यासाठी सुमारे दीड मैलाचा बोगदा एवढा पसारा मांडला. १८७८ मध्ये या प्रदेशातील कंपन्यांनी वरच्या सरोवरांपासून खालच्या खाणींपर्यंत साठेक मैलांची दूरध्वनीची तार टाकली, ती धरणावरील माणसाला पाणी सोडण्याची वा आवरण्याची आज्ञा तत्काळ देता यावी म्हणून.

या साऱ्या हिशेबात एक रकम कधीच मांडली गेली नव्हती. धुतलेली टेकडी यूबा नदीतून खाली जाई. नदीचे पात्र वर वर येत गेले, शेते आणि फळबागा रेतीखाली गाडल्या गेल्या, आणि १८७५ मध्ये बांध ओलांडून पाणी मेरीजव्हिल शहरात शिरले. स्वस्त पाण्यामुळे खाण किफायतशीर झाली असे म्हणत, तेव्हा त्या किफायतीचा मोठा भाग खोऱ्यातील शेतकरी आपल्या जमिनीच्या रूपाने भरीत होता, आणि या अन्यायाला अन्याय म्हणण्यास राज्याने तीस वर्षे लावली. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी वुड्रफ विरुद्ध नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनी या खटल्यात मळी नदीत सोडण्यास मनाई केली. ती रकम खर्चाच्या बाजूस येताच बहुतेक मोठ्या खाणींचा हिशेब जुळेनासा झाला.

पाट मात्र टिकले, कारण उंचावरचे पाणी सोन्यावाचूनही विकता येते. कँप्टनव्हिलच्या लेस्टर पेल्टन याने खाणींतील यंत्रे फिरवण्यासाठी सुधारलेले, वाट्यांच्या जोडीचे चक्र १८८० मध्ये स्वामित्वहक्काने नोंदवले, आणि त्याच जातीची चक्रे पुढे १९१५ मध्ये आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशी, खोपोलीच्या वीजघरात मुंबईसाठी फिरू लागली. कॅलिफोर्नियात जुनी सरोवरे व पाट काही वीज कंपन्यांकडे, काही शेतीकडे गेले. १९२१ मध्ये स्थापन झालेली नेवाडा इरिगेशन डिस्ट्रिक्ट ही संस्था तेथील बागायतदारांना पाटाचे पाणी देते, आणि त्याची आकारणी खाणकऱ्याच्या इंचानेच करते.