ट्रॅक्टरची ट्रॉली आणि हमीची मुदत

ट्रॉली दारीं आली, पूजा झाली, म्हणजे पारख संपली असें पुष्कळ शेतकरी समजतात. आमच्या मतें खरी पारख हमीच्या मुदतींतच करावी. जोडाला भेग, वांकडा आंस, एका अंगानें झिजणारा टायर किंवा तेल गळणारा जॅक दिसतांच विक्रेत्यास दुरुस्तीविषयीं लेखी कळवून पोंच घ्यावी. तोंडी वायद्यांत मुदत सरते. सुगींत काम अडलें तरी बाहेर परस्पर वेल्डिंग करवूं नये. तेंच निमित्त होऊन हमी नाकारली जाते. दाद न मिळाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें, तक्रारीचें कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत, आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जातां येतें. उपजीविकेसाठीं स्वतः वापरावयाच्या ट्रॉलीस तो कायदा लागू आहे. तेथें हमीपत्र, पावती व पोंच हेच आपले साक्षीदार होत.