इंजिन चालू ठेवून तेल बघणारी माणसं

गाडीचं ऑइल बघायचं तर इंजिन थंड हवं, हे आपल्याकडे गॅरेजमधलं नवखं पोरही सांगेल. सकाळी गाडी सपाट जागी उभी करायची, डिपस्टिक काढून फडक्याने पुसायची, पुन्हा घालून बघायची. जुन्या पोर्शे ९११ चा मालक मात्र आधी गाडी चांगली फिरवून आणतो. तेलाच्या तापमानाचा काटा वर आला की सपाट जागा शोधतो आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढतो. तिच्यावर तेव्हा जे दिसेल तेच खरं. इंजिन थंड असताना तीच डिपस्टिक कोरडी निघू शकते. टाकीत तेलच नाही असं समजून कुणी लिटर-दोन लिटर ओतलं, तर गाडी तापल्यावर जास्तीचं तेल एअर फिल्टरपर्यंत उसळतं आणि मागे धुराचा लोट उठतो.

यात विक्षिप्तपणा काही नाही. आपल्या रोजच्या गाडीत तेल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठतं. ९११ मध्ये ते वेगळ्या टाकीत राहतं. एक पंप ते इंजिनाला पुरवतो, दुसरा ओढून परत टाकीत टाकतो. शर्यतीच्या गाड्यांची ही रचना. तिला ड्राय संप म्हणतात. जोरात वळताना तेल एका बाजूला गेलं तरी बेअरिंग कोरडी पडत नाहीत. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनात उतरतं, म्हणून थंड गाडीच्या डिपस्टिकवर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय या इंजिनाला रेडिएटर नाही. एक मोठा पंखा सिलिंडरवर हवा मारतो आणि बरीचशी उष्णता तेलच वाहून नेतं. त्यामुळे नंतरच्या मॉडेलांत दहा लिटरांहून जास्त तेल मावतं.

हवेवर थंड होणारी ही ९११ पहिल्यांदा १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली आणि १९९८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आजची ९११ पाण्यावर थंड होते. जुन्या गाडीच्या मालकांना घरचे लोक नादिष्ट म्हणतात, शेजारी त्याहून वाईट शब्द वापरतात. पण त्यांच्या सवयी एकेक करून तपासल्या तर बहुतेकींच्या मुळाशी एखादा बोल्ट, एखादी चेन किंवा कारखान्यात कधी काळी घेतलेला एखादा निर्णय सापडतो. मला या गाडीच्या वेगापेक्षा याचंच अप्रूप जास्त आहे.

गाडी सुरू करण्यापासूनच बघा. चावी स्टिअरिंगच्या दाराकडच्या बाजूला लागते. ल मॉनच्या शर्यतीत पूर्वी ड्रायव्हर रस्ता ओलांडून धावत येत आणि गाडीत उडी मारत. एका हाताने चावी फिरवताना दुसरा हात गिअरवर असावा म्हणून ही सोय, असं कंपनी सांगते. सत्तरच्या दशकातल्या आणि ऐंशीच्या सुरुवातीच्या बऱ्याच मॉडेलांत चावी फिरवताना ॲक्सिलरेटरला पायही लावायचा नाही, असा दंडक आहे. त्या इंजेक्शनच्या रचनेत इंजिनाने उलटा भडका मारला तर हवेचा प्लॅस्टिकचा डबा फुटतो. म्हणून मालक त्या डब्यावर दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह बसवून घेतात. इंजिन सुरू झालं की सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत निघतो. नवा मालक घाबरतो, जुना ढिम्म असतो: सिलिंडर आडवे असल्यामुळे उभ्या गाडीत थोडं तेल रिंगांमधून झिरपणारच.

मग ऐकणं सुरू होतं. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनला ताण देणारे टेन्शनर आधी बंदिस्त होते. त्यातलं तेल गळलं की चेन सैल पडायची, आणि ती दात सोडून पुढे सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन खलास. १९८४ च्या कॅरेरा मॉडेलपासून कंपनीने टेन्शनरला इंजिनाच्या तेलाचाच दाब जोडला. त्याआधीच्या गाड्यांचे मालक थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटात रेडिओ लावत नाहीत. त्यांना चेनची खडखड ऐकायची असते.

टॅपेट सेट करणं हा आणखी मोठा सोहळा. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, प्रत्येकाचं अंतर एक दशांश मिलिमीटर. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवतात. खालच्या बाजूचे व्हॉल्व्ह गाडीखाली झोपून, वाकवलेला फिलर गेज घालून हाताच्या अंदाजाने जुळवावे लागतात. पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. सहज सरकली तर सैल, अडली तर घट्ट. हे मापाचं काम असलं तरी निकाल बोटांचाच लागतो. १९९३ मध्ये आलेल्या ९९३ मॉडेलात व्हॉल्व्हचं अंतर आपोआप जुळू लागलं आणि हे काम संपलं. ते शिकलेल्या माणसांना हा बदल सोयीचा वाटला, पण सुखाचा वाटला असेल असं मला वाटत नाही.

इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं, ही या गाडीची मूळ खोड. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं पकड सोडतात आणि शेपूट पुढे यायला बघतं. सुरुवातीच्या काही गाड्यांत कंपनीने पुढच्या बंपरमागे दोन्ही कोपऱ्यांत अकरा-अकरा किलोची बिडाची वजनं बसवली होती. १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं सत्तावन्न मिलिमीटर मागे सरकवली, तेव्हा कुठे स्वभाव थोडा निवळला. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात पाय स्थिर ठेवायचा, हे ९११ चालवणारा प्रत्येक जण शिकतो; पुष्कळ जण त्यासाठी बंद ट्रॅकवर जाऊन धडे घेतात. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर ज्या गाडीच्या धडकेत गेले ती याच कंपनीची, दुसऱ्या मॉडेलची होती. ती रात्र विसरून या नावावर मराठीत लिहिता येत नाही. ताकदवान गाडीसमोर आधी विद्यार्थी व्हावं लागतं. जुन्या ९११ च्या चांगल्या मालकांनी हे मुकाट्याने मान्य केलेलं असतं.

वजनाचा तोल सुधारण्याच्या खटपटीतून एक गंमतही घडली. १९७२ च्या मॉडेलात तेलाची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि ती भरायला उजव्या दारामागे बाहेरून उघडणारं झाकण दिलं. पेट्रोल पंपावरच्या माणसांनी ते पेट्रोलचं समजून त्यात पेट्रोल ओतलं. पुढच्याच वर्षी टाकी जुन्या जागी गेली. आज ते झाकण दिसलं की जाणकार लांबूनच साल सांगतो.

कंपनीनेच या गाडीचा शेवट ठरवला होता, हे अनेकांना माहीत नसतं. १९७७ मध्ये आलेली ९२८ तिची जागा घेणार होती: इंजिन पुढे, आठ सिलिंडर, पाण्याने थंड होणारी. १९८१ च्या सुरुवातीला पेटर शुट्झ प्रमुख झाले. मुख्य इंजिनिअर हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर प्रत्येक मॉडेलच्या भवितव्याचा तक्ता होता. इतर रेघा पुढे जात होत्या, ९११ ची रेघ १९८१ लाच थांबत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ कागदाबाहेर, भिंतीवरून पुढे ओढत नेली. या गाडीवर जीव टाकणाऱ्यांमध्ये ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. पुढे मे २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ कारखान्याबाहेर पडली.

आता आकड्यांच्या वेडाकडे येतो, कारण बाहेरच्यांना सगळ्यात जास्त हसू याचंच येतं. इंजिनाच्या पंख्याजवळ ठोकलेला नंबर आणि कारखान्याच्या नोंदीतला नंबर जुळतो का, गिअरबॉक्स मूळचाच आहे का, फुक्सच्या रिमच्या आतल्या बाजूला उठवलेली तारीख गाडीच्या तारखेशी सुसंगत आहे का, टूलकिटमधला पाना त्याच सालचा आहे का. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. टायरवरचे चार आकडे वाचून तो कोणत्या आठवड्यात बनला ते सांगतात. हे वेड अंगी येण्याला कारण आहे. १९७३ ची कॅरेरा आरएस शर्यतीच्या नियमासाठी पाचशे बनवायची होती, प्रत्यक्षात १,५८० बनल्या. आज तिची किंमत साध्या ९११ च्या कितीतरी पट आहे, आणि साध्या गाडीला तिच्यासारखी शेपटी आणि पट्टे लावणं अवघड नाही. खरं-खोटं ठरवायला शेवटी धातूत ठोकलेले आकडेच उरतात.

मात्र याच वाटेने पुढे गेलेली एक जमात आहे, तिच्याशी माझं जमत नाही. गाडी घ्यायची, हवा नियंत्रित करणाऱ्या खोलीत झाकून ठेवायची आणि मीटरवरचा आकडा वाढू द्यायचा नाही. किंमत टिकते, हे खरं. पण यंत्राचे हाल होतात. सील सुकतात, पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर तुंबतात, ब्रेकचं ऑइल ओलावा धरतं, तेलात दमटपणा साठतो. तेल पूर्ण तापेपर्यंत गाडी पळवली तरच तो उडून जातो. म्हणून समजूतदार मालक दहा मिनिटांसाठी गाडी काढतच नाही. काढली तर तासभर चालवतो. १९८६ पर्यंतच्या ९१५ गिअरबॉक्सचंही तसंच आहे: थंड असताना दुसरा गिअर घाईने टाकला तर तो करकरतो. सुरुवातीचे काही किलोमीटर हात सावकाश चालवावा लागतो, जुन्या ट्रकवाल्यांसारखा डबल क्लचही द्यावा लागतो. हे सगळं गाडी चालवणाऱ्यालाच कळतं. झाकून ठेवणाऱ्याला आपल्या गाडीचा स्वभाव कधीच समजत नाही.

लॉस एंजेलिसचे मॅग्नस वॉकर मला त्यामुळेच जवळचे वाटतात. शेफील्डहून आलेल्या, लांब केसांच्या या माणसाने जुन्या ९११ जमवल्या, स्वतःच्या मनासारख्या बदलल्या आणि शहराच्या रस्त्यांवर भरपूर चालवल्या. त्यांच्यावर २०१२ मध्ये 'अर्बन आउटलॉ' नावाचा माहितीपट निघाला. नंबरांचे पुजारी त्यांच्यावर नाराज असतात. असोत. त्याच कॅलिफोर्नियात २०१४ पासून 'लुफ्टगेक्युल्ट' हा मेळा भरू लागला. त्याच्या संस्थापकांपैकी एक पॅट्रिक लाँग, स्वतः शर्यतीतले ड्रायव्हर. तिथे फक्त हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांना प्रवेश. चकचकीत गाडीशेजारी गंजाचे डाग असलेली गाडी उभी असते, आणि गर्दी बहुधा दुसरीभोवतीच जास्त असते.

कंपनीच्या स्वतःच्या म्युझियमनेही जतनाचा हाच अर्थ लावला आहे. तिथल्या पुष्कळ गाड्या चालू स्थितीत ठेवतात आणि जगभरच्या रॅलींना नेऊन पळवतात. १९६४ ची एक गंजून गेलेली ९०१ त्यांना २०१४ मध्ये ब्रांडेनबुर्गमधल्या एका खळ्यात मिळाली. ९०१ हे या गाडीचं पहिलं नाव; मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितल्यावर ते ९११ झालं. त्या सांगाड्यासाठी म्युझियमने १,०७,००० युरो मोजले आणि तीन वर्षं खपून गाडी उभी केली. मूळचा पत्रा जिथे वाचवता आला तिथे वाचवला.

हे म्युझियम ज्या श्टुटगार्टमध्ये आहे ते १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे आणि कामासाठी तिकडे जाणाऱ्या मराठी इंजिनिअरांची ये-जा कायम चालू असते. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एक अर्धा दिवस राखून ठेवा. एस ६ लोकलने नॉयविर्ट्सहाउसला उतरलं की म्युझियम समोरच आहे. वर गाड्या बघायला जाण्याआधी खाली प्रवेशाजवळच्या काचेपाशी थांबा; पलीकडे वर्कशॉप आहे आणि मेकॅनिक काम करताना दिसतात. सोमवारी म्युझियम बंद असतं, तो दिवस टाळा.