संगणकाची व्यर्थ प्रतीक्षा

सुशिक्षित कुटुंबांत संगणकयंत्र ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. मुलांचा अभ्यास, वडील मंडळींच्या निवृत्तिवेतनाचें कामकाज, विजेचें बिल, परदेशीं असलेल्या लेकीसुनांशीं बोलणें, घरचा जमाखर्च, हीं सर्व कामें पुष्कळ घरीं एकाच यंत्रावर आलटून पालटून चालतात. असें यंत्र सकाळीं कळ दाबल्यावर दोन दोन मिनिटें नुसतें चक्र फिरवीत बसूं लागलें, म्हणजे घरांत दोन उद्गार हटकून ऐकूं येतात. एक, “यंत्र म्हातारें झालें,” आणि दुसरा, “आतां नवें घेतलें पाहिजे.” या दोन्ही उद्गारांपूर्वीं एक प्रश्न विचारावयास हवा, तो मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्न असा, कीं त्या दोन मिनिटांत हें यंत्र काम करीत असतें, कीं कोणाची तरी वाट पाहत असतें?

आमचें सांगणें एवढेंच आहे, कीं कित्येक घरगुती यंत्रांच्या विलंबांत श्रमाचा भाग थोडा आणि प्रतीक्षेचा भाग मोठा असतो; आणि ही प्रतीक्षाहि अशा कोणाची असते, कीं जो त्या घरीं कधीं येणारच नसतो. ती प्रतीक्षा बंद करण्यास पैसा लागत नाहीं. थोडें लक्ष, एक घड्याळ व एक वही एवढी सामग्री पुरे होते. ती न करतां नवें यंत्र आणणें म्हणजे रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, असा प्रकार होय.

प्रारंभाचे टप्पे

कळ दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत यंत्र तीन टप्पे ओलांडतें. पहिल्या टप्प्यांत तें आपलीं अंगोपांगें तपासतें व कार्यप्रणाली कोठें ठेवलेली आहे याचा शोध घेतें. हें काम यंत्रांतच कोरून ठेवलेल्या, बायोस किंवा यूईएफआय या नांवाच्या, मूळ सूचना करतात. दुसऱ्या टप्प्यांत विंडोज अथवा लिनक्स ही कार्यप्रणाली तबकडीवरून स्मृतींत येते व आपल्या हाताखालच्या अनेक सेवा जाग्या करते. तिसऱ्या टप्प्यांत आपण संकेतशब्द घालून प्रवेश केल्यावर नित्याचे कार्यक्रम आपोआप उघडूं लागतात.

विलंब कोणत्या टप्प्यावर होतो, हें नुसत्या डोळ्यांनींहि ओळखतां येतें. विंडोजचें चिन्ह व फिरतें वर्तुळ दिसण्यापूर्वींच वेळ जात असेल, तर दोष पहिल्या टप्प्यांत. तें वर्तुळ फिरतच राहत असेल, तर दुसऱ्यांत. आणि पडदा भरल्यावरहि कांहीं उघडत नसेल, तर तिसऱ्यांत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें स्टार्टअप ॲप्स हें पान उघडलें, तर बहुतेक यंत्रांत वरच्या कोपऱ्यांत ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून सेकंदांचा एक आंकडा दिसतो. पहिल्या टप्प्यास किती वेळ लागला, तें त्यावरून कळतें.

तिन्ही टप्प्यांत यंत्राचा संबंध नेटवर्काशीं, म्हणजे यंत्रायंत्रांना जोडणाऱ्या जाळ्याशीं, येऊं शकतो. येथेंच मर्म आहे. आजचें साधें यंत्रहि एका सेकंदांत अब्जावधि लहान क्रिया उरकतें. परंतु जाळ्यावर कोणास हाक मारली आणि उत्तर आलें नाहीं, तर त्यास थांबावें लागतें. उत्तर येणारच नाहीं, हें त्यास कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे ठराविक मुदत संपेपर्यंत वाट पाहणें.

कचेरींतून आलेल्या संवयी

घरगुती यंत्रास अशा हाका मारण्याची संवय लागते कोठून? पुष्कळ वेळां ती कचेरींतून येते. मोठ्या कंपन्या कांहीं वर्षांनीं आपले संगणक काढून टाकतात, व ते दुरुस्त होऊन कमी किंमतींत बाजारांत येतात. मुंबईच्या डॉ. भडकमकर मार्गावर, ज्यास लोक अद्यापि लॅमिंग्टन रोडच म्हणतात, अशा यंत्रांचा व्यापार चालतो. हीं यंत्रें दणकट असतात व गृहस्थाश्रमी माणसाच्या खिशासहि परवडतात. परंतु जन्मभर कचेरींत घालविलेला कारकून निवृत्त झाल्यावरहि जसा साहेबाच्या घंटेकडे कान लावून बसावा, तशी त्यांची स्थिति असते.

या संवयींत पहिली म्हणजे नेटवर्कावरून प्रारंभ करण्याची. इंटेल कंपनीनें पुढाकार घेऊन तयार केलेल्या पीएक्सई या पद्धतीच्या नियमांची २.१ ही आवृत्ति १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. शेंकडों यंत्रें असलेल्या कचेरींत किंवा प्रयोगशाळेंत प्रत्येक यंत्रावर कार्यप्रणाली हातानें बसविणें कष्टाचें होतें. म्हणून यंत्रानें जागें होतांच जाळ्यावर हाक मारावी आणि मुख्य सर्व्हरकडून कार्यप्रणाली मागून घ्यावी, अशी ही योजना आहे. योजना उत्तम; पण घरीं असा सर्व्हर नसतो. यंत्राच्या प्रारंभक्रमांत नेटवर्काचें नांव तबकडीच्या आधीं असेल, तर तें रोज सकाळीं प्रथम ही हाक मारतें. नियमाप्रमाणें पहिल्या हाकेनंतर ४ सेकंद, दुसरीनंतर ८, तिसरीनंतर १६ आणि चौथीनंतर ३२ सेकंद तें थांबतें. बेरीज केल्यास बरोबर ६० सेकंद होतात. प्रत्येक वेळीं मुदत दुप्पट करण्यांत उद्देश असा, कीं गर्दीच्या जाळ्यावर सर्वांनीं एकदम आरडाओरड करूं नये. कचेरींत जो शिष्टाचार, तोच घरीं निव्वळ कालापव्यय होतो. कांहीं यंत्रें जुन्या व नव्या अशा दोन्ही पत्त्यांच्या पद्धतींनीं, म्हणजे आयपीव्ही-४ व आयपीव्ही-६ या दोहोंनीं, पाळीपाळीनें हाका मारतात; मग विलंब आणखी वाढतो. आरंभीं काळ्या पडद्यावर ‘स्टार्ट पीएक्सई’ अशीं अक्षरें उमटत असतील, तर हेंच निदान समजावें.

उपाय सोपा आहे. यंत्र सुरू होतांना पहिल्या पडद्यावर सुचविलेली कळ, बहुधा एफ-२, एफ-१० अथवा डिलीट, दाबून मूळ मांडणींत शिरावें. प्रारंभक्रमांत आंतील तबकडी प्रथम ठेवावी. आणि नेटवर्कावरून प्रारंभ करण्याची सोय बंद करावी. मात्र तत्पूर्वीं एक दक्षता अवश्य घ्यावी. अलीकडील यंत्रांत बिटलॉकर या नांवाचें कुलूप तबकडीवर असूं शकतें, व मूळ मांडणींत फेरफार झाला तर तें ४८ आंकड्यांची किल्ली मागूं शकतें. ती किल्ली आधीं शोधून कागदावर उतरून ठेवल्याशिवाय या कामास हात घालूं नये.

दुसरी संवय जोडलेल्या दूरच्या कपाटांची. कचेरींतील सामायिक दप्तर ज्या सर्व्हरवर असतें, त्याचा एखादा भाग यंत्रांत ‘झेड’ किंवा ‘वाय’ अशा अक्षरानें जोडून ठेवतात, आणि प्रत्येक प्रवेशाच्या वेळीं तो पुन्हां जोडावा, अशी आज्ञा देऊन ठेवतात. सर्व्हर नाहींसा झाला तरी आज्ञा कायम राहते, आणि यंत्र तो शोधीत बसतें. फाइल एक्स्प्लोररमध्यें अशा नांवावर तांबडी फुली दिसते. त्यावर उजवी कळ दाबून ‘डिस्कनेक्ट’ म्हटलें, कीं काम झालें. यानें केवळ वाट बंद होते. सर्व्हरवरील मजकूर पुसला जात नाहीं.

तिसऱ्या संवयीस कचेरी कारण नाहीं, आपणच आहों. सभा घेण्याचे, निरोप पाठविण्याचे, छायाचित्रें दूरच्या भांडारांत ठेवण्याचे, छपाईयंत्राची चौकशी करण्याचे कार्यक्रम आपण एकेक करून बसवितों, आणि प्रत्येक जण प्रारंभींच जागें होऊन आपापल्या सर्व्हरशीं बोलूं लागतो. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्यें यांची यादी मिळते. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, कीं तो उघडतो. प्रत्येकाचा प्रारंभावर भार किती, हेंहि तेथें लिहिलेलें असतें. ‘डिसेबल’ म्हटल्यानें कार्यक्रम नष्ट होत नाहीं. तो आपोआप उठण्याचें बंद होतें इतकेंच.

कॉलेजांतील मुलें लिनक्स वापरतात, त्यांच्यासाठीं दोन शब्द. तेथें सिस्टिमडी या व्यवस्थेंत ‘नेटवर्क जोडलें जाईपर्यंत थांबा’ असें सांगणारी एक स्वतंत्र सेवाच आहे. सिस्टिमडीच्या स्वतःच्या सेवेंत ही मुदत, न बदलल्यास, १२० सेकंदांची असते. ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ ब्लेम’ या आज्ञेनें कोणत्या सेवेनें किती वेळ घेतला, त्याची उतरत्या क्रमानें यादी मिळते. परंतु अनेक सेवा एकाच वेळीं चालत असल्यामुळें यादींत वर असलेली सेवा खरोखर इतरांस अडवीत असेलच असें नाहीं. तें ‘क्रिटिकल-चेन’ या दुसऱ्या आज्ञेनें पडताळावें. दूरचें भांडार प्रारंभींच जोडावयाचें नसेल, तर घरगुती यंत्रावर ही प्रतीक्षा बंद करण्यास हरकत नसते.

काय बंद करूं नये

येथवर वाचून एखाद्या उत्साही तरुणास सर्वच नेटवर्कसेवांवर कुऱ्हाड चालविण्याची इच्छा होईल. त्यास आमचें निक्षून सांगणें आहे, कीं ज्या सेवेचें कार्य ठाऊक नाहीं, तिला हात लावूं नये. पत्ता मिळविणारी डीएचसीपी, नांवावरून ठिकाण शोधणारी डीएनएस, वायफाय जोडणारी सेवा, फायरवॉल व सुरक्षिततेच्या सुधारणा आणणारी सेवा या घराच्या उंबऱ्यासारख्या आहेत. आयपीव्ही-६ सरसकट बंद करावें, असाहि एक उपदेश ऐकूं येतो. त्याची मौज अशी, कीं मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्याप्रमाणें, तें बंद करतांना विंडोजच्या नोंदींत दोन ‘एफ’ अक्षरांच्या जागीं आठ ‘एफ’ अक्षरें घातलीं, तर प्रारंभास उलट ५ सेकंद अधिक लागतात. आणि आपल्या देशांतील मोठ्या मोबाइल कंपन्या तीच पद्धति वापरीत असल्यामुळें ती बंद करण्यांत शहाणपणाहि नाहीं.

याउलट, जें खरोखर जुनें व निरुपयोगी आहे तें काढण्यांत वेळेहून मोठा लाभ आहे. जाळ्याकडे उघडणारी प्रत्येक सोय हें एक दार असतें. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय हा उपद्रवी कार्यक्रम जगभर पसरला व त्यानें इंग्लंडांतील रुग्णालयांचेंहि कामकाज अडविलें. तो फायली वांटून घेण्याच्या एसएमबी-१ या फार जुन्या पद्धतींतील छिद्रांतून शिरला होता. छिद्र बुजविणारी सुधारणा मार्चमध्येंच निघाली होती. ती न बसविलेल्या यंत्रांस तडाखा बसला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून नव्यानें बसविलेल्या यंत्रांत ही जुनी पद्धत मुळांतच बंद असते. न लागणारें दार भिंतीनें बुजविल्यास थंड वाराहि येत नाहीं आणि चोरहि येत नाहीं, तसेंच हें आहे.

परीक्षेची रीत

नैयायिक ज्यास अन्वयव्यतिरेक म्हणतात, तीच पद्धत येथें उपयोगीं पडते. ‘हें असतां तें आहे, आणि हें नसतां तें नाहीं,’ असें दिसल्यावांचून कार्यकारणभाव मानूं नये. प्रथम घड्याळ लावून तीन वेळां प्रारंभाचा काळ मोजावा व वहींत लिहावा. मग एकच बदल करावा आणि पुन्हां मोजावें. लाभ न दिसल्यास तो बदल मागें घ्यावा. मोजतांना यंत्र ‘शट डाउन’ करून नव्हे, तर ‘रीस्टार्ट’ करून मोजावें. कारण विंडोज बंद होतांना आपल्या स्थितीचा कांहीं भाग तबकडीवर राखून ठेवते व पुढच्या वेळीं तोच उचलते, त्यामुळें खरा प्रारंभ दिसत नाहीं. क्रम सूचीकटाहन्यायानें ठेवावा. सुई आणि कढई अशीं दोन्हीं कामें आलीं असतां लोहार आधीं सुई करतो, त्याप्रमाणें स्टार्टअप ॲप्सची यादी आधीं, जोडलेले ड्राइव्ह नंतर, आणि यंत्राची मूळ मांडणी सर्वांच्या शेवटीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक नियम पाळावा लागतो, आणि आमच्या मतें तो सर्वांत महत्त्वाचा आहे. एकास जें निरुपयोगी, तें दुसऱ्याचें उपजीविकेचें साधन असूं शकतें. आमच्या परिचयाच्या एका घरीं धाकट्या मुलानें वेग वाढविण्याच्या भरांत, कोणास न विचारतां, ‘कसलें तरी जुनें कपाट’ म्हणून एक ड्राइव्ह तोडला. वास्तविक त्या घरची थोरली सून त्यावर एका संस्थेचा हिशेब रोज रात्रीं लिहीत असे. मजकूर गेला नव्हता, पण महिनाअखेरची ती रात्र साऱ्या घरास जड गेली. तेव्हां काय बंद करावयाचें त्याची यादी आधीं घरांतील सर्वांसमोर, विशेषतः जे कमी बोलतात त्यांच्यासमोर, वाचावी. कोणी घरून नोकरीचें काम करीत असेल व यंत्र कंपनीचें असेल, तर त्यास मुळींच हात लावूं नये.

या उपायाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. फिरत्या तबकडीचें जुनें यंत्र प्रतीक्षा काढल्यावरहि मंद राहील. त्यास एसएसडी बसविणें हाच खरा उतारा. तसेंच विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे, हेंहि यंत्राचें आयुष्य ठरवितांना विसरूं नये. परंतु जें यंत्र अंगानें धडधाकट आहे आणि केवळ न येणाऱ्या पाहुण्यासाठीं दार उघडें ठेवून बसलें आहे, तें भंगारांत घालणें ही यंत्राची व कष्टार्जित द्रव्याची दोघांचीहि अवहेलना होय. नवें विकत घेण्यापूर्वीं एक रविवार सकाळ, एक घड्याळ आणि एक वही, एवढें त्यास द्यावें, अशी आमची गृहस्थांस व गृहिणींस विनंती आहे.