पाण्याच्या जोरावर वाजणारा ऑर्गन

बुडापेस्टच्या अक्विंकुम संग्रहालयात एका रोमन ऑर्गनचे अवशेष पाहिले. मी पेटी वाजवतो, दुरुस्तही करतो. त्यामुळे तिथून पाय निघेना.

1931 साली सापडलेलं हे वाद्य इ.स. 228 मधलं. 13 नळ्यांच्या 4 रांगा, एकूण 52 नळ्या!

ऑर्गनचा मूळपुरुष मात्र त्याहून जुना. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओसने ‘हायड्रॉलिस’ बनवला.

यात पाण्याचं काम काय? सूर हवेचाच असतो. पंपाने भरलेली हवा पाण्यात उपड्या ठेवलेल्या भांड्यात जाते. आतलं पाणी खालून बाहेर सरतं, बाहेरची पातळी चढते आणि ते वजन हवेला सतत दाबत राहतं. त्यामुळे पंपाचे झटके सुरात उतरत नाहीत. पेटीत हेच काम आतल्या भात्याच्या स्प्रिंगा करतात.

वाजवणं सोपं होतं. पट्टी दाबली की छिद्राची सरकपट्टी नळीखाली येते, बोट उचललं की मागे जाते.

ग्रीसमध्ये ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी दिऑन इथे 1992 मध्ये इ.स.पू. पहिल्या शतकातला हायड्रॉलिस सापडला. ते अवशेष आणि हेरॉन, व्हिट्रुव्हियस या प्राचीन लेखकांची वर्णनं यांच्या आधारे डेल्फीच्या युरोपियन सांस्कृतिक केंद्राने 1999 मध्ये वाजणारी प्रतिकृती पूर्ण केली. तिच्या मैफलींची रेकॉर्डिंग हेडफोन लावून जरूर ऐका.

पेटी किंवा ऑर्गनच्या रचनेबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, नक्की उत्तर देईन.