खेळाडू जातात, संघ राहतो तो कसा?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडू चार-पाच वर्षं खेळतो आणि निघून जातो. प्रशिक्षकही बदलतात. मग वीस वर्षांनी मैदानात उतरणारा संघ 'आपलाच' आहे असं लोकांना का वाटतं? (हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा, फेकायचा, असा तो खेळ.) आपण दोन प्रसंग पाहू.

पहिला टेक्सस ए अँड एम या विद्यापीठाचा. २ जानेवारी १९२२, डॅलस. समोर सेंटर कॉलेजचा बलाढ्य संघ. एकामागून एक खेळाडू जखमी होऊ लागले, राखीव मुलं संपत आली. प्रशिक्षक डॅना बायबल यांनी प्रेक्षकांतून किंग गिल या विद्यार्थ्याला खाली बोलावलं. हा पूर्वी संघात होता, पण बास्केटबॉलसाठी त्याने फुटबॉल सोडला होता. जखमी खेळाडूचा पोशाख चढवून तो मैदानाच्या कडेला उभा राहिला. सामना २२-१४ असा जिंकला. आणि गिल? तो एक क्षणही खेळला नाही!

आपल्याकडे क्रिकेटमधला बारावा खेळाडू म्हटलं की पाणी घेऊन धावणारा मुलगा डोळ्यासमोर येतो. तिथे मात्र 'बारावा माणूस' ही विद्यापीठाची ओळखच झाली. आजही तिथले विद्यार्थी सामनाभर बसत नाहीत. 'गरज पडली तर आम्ही तयार आहोत' हा त्या उभं राहण्याचा अर्थ.

दुसरा प्रसंग जड आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन शहरातलं मार्शल विद्यापीठ. १४ नोव्हेंबर १९७० रोजी ईस्ट कॅरोलायनाकडून १७-१४ असा पराभव पत्करून संघ विमानाने परतत होता. विमानतळाच्या अलीकडे टेकडीवर विमान कोसळलं. ७५ जण होते, कुणीही वाचलं नाही. त्यात ३७ खेळाडू, प्रशिक्षक, आणि सामन्याला गेलेले शहरातले प्रतिष्ठित नागरिकही. काही मुलांचे आई आणि वडील दोघंही एकाच रात्री गेले. सहा खेळाडूंची ओळख पटली नाही, त्यांना गावाच्या दफनभूमीत शेजारी शेजारी ठेवलं.

संघ बंदच करावा का, असा प्रश्न उभा राहिला. चालू ठेवायचं ठरलं तेव्हा खेळायला मुलंच नव्हती. शेवटी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खेळवण्याची खास परवानगी मिळाली. २५ सप्टेंबर १९७१ रोजी, घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात, अगदी शेवटच्या चालीवर या नवख्या पोरांनी झेवियरला १५-१३ असं हरवलं.

आता इथे गोष्ट संपवण्याचा मोह होतो. पण पुढचं ऐका. त्या मोसमात दहापैकी आठ सामने मार्शल हरलं. जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त, असा मोसम यायला १९८४ साल उजाडलं. म्हणजे ओळख यशातून आली म्हणावं, तर हिशेब जुळत नाही.

मग आली कशातून? आम्हाला वाटतं, दोन गोष्टींतून. एक, त्या क्षणी प्रश्न गुणफलकापेक्षा मोठा होता: टेक्ससला 'आपण उपयोगी पडू का', मार्शलला 'आपण उरणार का'. दुसरी, तो क्षण सामान्य माणसाला करता येईल अशा कृतीत उतरला. टेक्ससमध्ये उभं राहायचं. मार्शलमध्ये दर १४ नोव्हेंबरला स्मारकाच्या कारंज्यापाशी जमायचं, गेलेल्यांची नावं ऐकायची. मग कारंजं बंद करतात, ते थेट वसंतात सुरू होतं.

अठरा वर्षांचा नवा विद्यार्थी तिथे येतो तेव्हा १९७० त्याने पाहिलेलं नसतं. पण पाणी थांबतं तेव्हा तो तिथे उभा असतो. संघ पुढे जातो तो असा.